साडेएकोणचाळीस किलोमीटर

१

चोरी झाली होती, आणि चोर कोण हे माझ्या हातात कागद पडायच्या आधीच ठरलं होतं. मी फक्त सही करायची होती.

संचालकांनी सोमवारी सकाळी मला बोलावलं, स्वतः खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज मऊ केला. त्यांचा आवाज मऊ झाला की समजावं, कुणाच्या तरी गळ्यात काहीतरी मारायचं आहे.

“मॅडम, संगणक विभागातली ती पीएचडीची मुलगी आहे ना, तिनं प्रबंध जमा केलाय. आणि त्यातला आख्खा चौथा अध्याय विभागप्रमुखांच्या पेपरमधून उचललाय. चार महिन्यांपूर्वी छापून आलाय तो पेपर. तीच पद्धत, तोच तक्ता. तुम्ही एकट्याच चौकशी करा, शुक्रवारी अहवाल द्या. तिची नोंदणी रद्द करू, विषय संपला.”

“चौकशी करायची की विषय संपवायचा?” मी विचारलं.

ते हसले. मला हसू आलं नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. निवृत्तीला आठ महिने उरलेत. मुलं मागे मला ‘चाळणीबाई’ म्हणतात, कारण चाळून घेतल्याशिवाय मी एकही आकडा पुढे जाऊ देत नाही. पण संचालकांनी मला त्यासाठी निवडलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका मुलाच्या चौकशी समितीत मी होते. अहवाल इतरांनी लिहिला आणि मी शेवटच्या पानावर सही ठोकली, कारण घरी पाहुणे यायचे होते. तो मुलगा संशोधन सोडून गेला. त्यानं काही केलं नव्हतं हे दोन वर्षांनी कळलं, आणि तेव्हाही मी मूग गिळून बसले. त्या सहीचा राग मला अजून येतो, आणि तो माझा मलाच येतो.

दोन्ही तक्ते घेऊन मी खोलीत आले आणि दार लावून पट्टी काढली. विषय समजायला सोपा होता. शहरात बारा कचरागाड्या आहेत. प्रत्येकीनं आपले थांबे घ्यायचे आणि कमीत कमी अंतरात डेपोत परत यायचं. थांबे कुठल्या क्रमानं घेतले तर अंतर सगळ्यात कमी होईल, ते शोधायची एक नवी रीत त्यात मांडली होती. शेवटी तक्ता: बारा गाड्या, बारा अंतरं.

अकरा ओळी तंतोतंत सारख्या निघाल्या. सातवी तेवढी वेगळी होती. पेपरमध्ये सात नंबरच्या गाडीचं अंतर साडेएकोणचाळीस किलोमीटर होतं, आणि मुलीच्या प्रबंधात सव्वाएकेचाळीस.

तक्रारीत त्याचाही अर्थ लावून ठेवला होता: ‘चोरी लपवण्यासाठी एक आकडा हेतुपुरस्सर बदलला.’

मी तो कागद टेबलावर आपटला. इथं अंतर जितकं कमी, तितकं संशोधन सरस. कुठला चोर चोरलेला माल मुद्दाम पावणेदोन किलोमीटरनं बिघडवून बाजारात आणतो?

२

ती तेहेतीस वर्षांची होती. आधी शाळेत गणित शिकवायची. विभागात तिला ‘गाडीवाली’ म्हणत, कारण अंतरं मोजायला ती दोन महिने कचरागाड्यांत ड्रायव्हरशेजारी बसून फिरली होती. तिच्या टेबलाजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचा, हा तिथल्या हुशार मुलांचा विनोद होता. तो मला शिपायानं सांगितला तेव्हा डोक्यात तिडीकच गेली.

ती समोर येऊन बसली. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. जबडा घट्ट आवळलेला होता.

“काम तुझं आहे?”

“हो.”

“किती वर्षं?”

“साडेपाच.”

“मग सातव्या ओळीत फरक कसा?”

“माझाही आकडा आधी साडेएकोणचाळीसच होता. गेल्या वर्षी पंधरा फेब्रुवारीला मी तो दुरुस्त केला. प्रयोगशाळेतल्या मशीनवर फाइल होती, त्याच दिवशी तीच बदलली. जुनी ठेवली नाही.”

“का दुरुस्त केला?”

“चूक होती.”

“कसली चूक?”

“ते नाही सांगता येणार, मॅडम.”

“अगं, तुझी डिग्री चाललीय! साडेपाच वर्षं पाण्यात जातील. हीच एक गोष्ट तुला वाचवू शकते आणि तीच सांगणार नाहीस?”

“मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?” तिचा आवाज चढला आणि तिनं तो तिथंच दाबला. “त्यांनी माझं काम चोरलं. वर मलाच चोर ठरवलं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. पण ती चूक कशी झाली ते मी सांगणार नाही. नोंदणी रद्द करायची तर करा. फक्त सात नंबरच्या ड्रायव्हरना यात ओढू नका. त्यांचे पाच महिने राहिलेत.”

मी ड्रायव्हरचा विषयही काढला नव्हता.

ती उठून गेल्यावर मी वहीत दोनच ओळी लिहिल्या. एक: चूक झाली ती गाडीत. दोन: कुणा ड्रायव्हरच्या निवृत्तीला किती महिने उरलेत, हे हिला बोटांवर मोजून कसं माहीत?

३

मंगळवारी मी तिघांना भेटले.

पहिले विभागप्रमुख. सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणतात, तेही स्वतःला तसंच समजतात. भिंतीवर नवीन फोटो होता: नगरपालिकेचे अधिकारी त्यांना शाल देताहेत.

“आमचं संशोधन कागदावर पडून राहत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “थेट अमलात येतं.”

“अंतरं कुठून घेतलीत?”

“पेपरमध्ये लिहिलंय की. नगरपालिकेच्या अधिकृत नकाशावरून. त्या पोरीसारखं कचऱ्यात बसायची आम्हाला गरज नाही.”

“मूळ फाइल दाखवता?”

त्यांनी समोरच्या संगणकाकडे असं पाहिलं, जणू तो कुणीतरी विसरून गेलेला डबा आहे. मग बेल दाबून टायपिस्टला बोलावलं. साहेबांना ईमेलसुद्धा टायपिस्ट छापून देतो. प्रयोगशाळेत त्यांचं खातंच नाही, हे तोच मला बाहेर सांगून गेला. संगणकशास्त्राचे विभागप्रमुख! मी जीभ चावली.

दुसरा पेपरचा सहलेखक, विभागाचा टॉपर. चोवीस वर्षांचं पोर, घाम पुसत बसलं होतं.

“मी मागच्या जूनमध्ये आलो, मॅडम. तक्ता मला साहेबांनी छापलेलाच दिला. मी भाषा नीट केली, आलेख काढले.”

“हे कुणी शोधलं, असं विचारलं नाहीस?”

“साहेबांना कसं विचारणार?”

त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. मग त्याच्या वयाची मी आठवले आणि गप्प बसले.

तिसरे त्या मुलीचे गाईड. सगळी संस्था त्यांना ‘देवमाणूस’ म्हणते. कुणाशी मोठ्यानं बोलत नाहीत, दिवसभर थर्मासातलं गरम पाणी पितात, मुलांचे खर्डे लाल पेनानं ओळ न् ओळ तपासतात. दारावर नवी कोरी पाटी होती. बारा वर्षं अडकलेली त्यांची प्राध्यापकाची बढती गेल्या उन्हाळ्यात झाली होती.

“पोरगी गुणी आहे हो,” ते हळहळले. “पण दडपण असतं. घरचं, वयाचं. अशा वेळी माणूस घसरतो. मला तर फार वाईट वाटलं.”

“तिनं हा तक्ता तुम्हाला पहिल्यांदा कधी दाखवला?”

“मार्चमध्ये. मला नीट आठवतंय. सव्वाएकेचाळीसच होतं. साडेएकोणचाळीस मी पाहिलं ते साहेबांच्या पेपरमध्ये.” त्यांनी कपात पाणी ओतलं. “तिला फार कठोर शिक्षा होऊ देऊ नका, मॅडम.”

इतका साळसूद माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तरी नुसत्या साळसूदपणावरून कुणावर बोट ठेवता येत नाही, म्हणून मी खोलीत परतले.

पेपरच्या शेवटी सात नंबरच्या गाडीचा मार्ग उदाहरण म्हणून थांबे आणि मधली अंतरं यांसकट छापला होता. मी नगरपालिकेचा अधिकृत नकाशा मागवून घेतला, आणि ज्या नकाशावरून अंतरं घेतली असं साहेब म्हणत होते, त्याच नकाशावरून तोच मार्ग पेन्सिलीनं मोजला. थांब्यामागून थांबा. बेरीज आली सव्वाएकेचाळीस. पुन्हा केली, पुन्हा तेच.

साहेबांच्या स्वतःच्या नकाशातून मुलीचा आकडा निघत होता. साहेबांचा निघतच नव्हता.

मी एकेक टप्पा पेपरशी ताडून पाहिला. चौदाव्या आणि पंधराव्या थांब्याच्या मध्ये पावणेदोन किलोमीटर गायब होते. नकाशात तिथं एक किलोमीटर नऊशे मीटर होतं. पेपरमध्ये होतं दीडशे मीटर.

४

बुधवारी सकाळी साडेसहाला मी चौदाव्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. दातांच्या दवाखान्यासमोर एक मोठा हिरवा डबा होता. पंधरावा थांबा तिथून दिसत होता, कारण मध्ये होती फक्त एक अरुंद गल्ली. एका बाजूला दवाखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं बंद दुकान. मी पावलं मोजत चालले. दीडशे मीटर, थोडं इकडेतिकडे.

म्हणजे पेपरमधला आकडा कुणी हवेतून काढला नव्हता. तो कुणीतरी मोजला होता.

मी गल्लीच्या तोंडाशी परत आले आणि वर पाहिलं. खांबावर गोल लाल पाटी होती: प्रवेश बंद. गल्ली एकेरी होती, आणि तीही उलट्या दिशेनं. कायद्यानं जाणाऱ्याला इथून अख्ख्या बाजाराला वळसा घालून पंधराव्या थांब्यावर पोचावं लागणार. तोच वळसा एक किलोमीटर नऊशे मीटरचा. नकाशात तो होता, मुलीच्या दुरुस्त केलेल्या तक्त्यात होता. पेपरमध्ये मात्र गाडी सरळ प्रवेश बंदमधून घुसत होती.

आता मला हसू आलं, पण संतापाचं. नकाशावरून अंतर काढणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. नकाशात त्या गल्लीवर बाण छापलाय. ही चूक तोच करू शकतो, जो गाडीत बसून, अंतराच्या काट्यावर नजर ठेवून, गाडी जाते तसं लिहीत गेला. साहेब त्या गाडीत बसले नव्हते. टॉपर बसला नव्हता. बसली होती ती एकटी.

मागून घरघर आली. कचरागाडी होती, दारावर पांढऱ्या रंगात सात. ती दवाखान्यासमोर थांबली, डबा रिकामा झाला. मग ती हळूच वळली आणि लाल पाटीखालून गल्लीत शिरली. शिरताना ड्रायव्हरनं मला पाहिलं. माझ्या हातात नकाशा होता आणि गळ्यात संस्थेचं ओळखपत्र.

गाडी मध्येच थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं.

“या बाई,” तो म्हणाला. “तुम्ही कधीतरी येणार, हे माहीत होतं मला.”

५

माणूस साठीला टेकलेला, दाढी स्वच्छ केलेली, गणवेशाला इस्त्री. मी वर चढले आणि नेमक्या त्या जागेवर बसले, जिथं ती बसत असणार. पायाशी पाण्याची बाटली आणि घडी केलेलं वर्तमानपत्र होतं.

“किती वर्षं असे उलटे जाताय?”

“अकरा. सकाळी सातच्या आत गल्लीत चिटपाखरू नसतं. डिझेल वाचतं, वेळ वाचतो.” त्यानं आरशात बघून गियर टाकला. “गेल्या वर्षी फेब्रुवारीत पोलिसानं धरलं. पावती फाडली. पोरगी शेजारीच बसली होती. पोलीस माझ्यावर ओरडत होता आणि ही आपली वहीत बघतेय. मग म्हणते, बाबा, ही गल्ली एकेरी आहे? माझा अख्खा आकडा चुकला की!”

बाबा. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण चेहरा सरळ ठेवणं जमेना.

“ती तुमची मुलगी.”

“धाकटी. विभागात कुणाला माहीत नाही. मीच म्हटलं होतं, सांगू नकोस. आधीच नाकाला रुमाल लावतात म्हणे.” त्यानं गाडी पंधराव्या थांब्याला लावली. “पावती फाडली त्या दिवशी ऑफिसनं लिहून घेतलं माझ्याकडून. पुन्हा उलटा सापडलो तर नोकरी जाणार, पेन्शनसुद्धा. म्हणून ती तोंड उघडत नाही. तिनं तोंड उघडलं की मी रोजच उलटा जायचो, याचा लेखी पुरावा होतो ना.”

“मग त्यानंतर तरी थांबायचं!”

“थांबलो होतो की! जवळजवळ वर्षभर सरळ गेलो. बाजाराला वळसा घालून. विचारा कुणालाही.” आता तोही चिडला. त्यानं डोक्यावरच्या कप्प्यातून एक कागद ओढून माझ्या मांडीवर टाकला. “हे जानेवारीत आलं. वाचा.”

नगरपालिकेचा छापील कागद होता. सुधारित वेळापत्रक, गाडी क्रमांक सात. एकूण अंतर साडेएकोणचाळीस किलोमीटर. तेवढ्याच अंतराचं डिझेल, तेवढाच वेळ. खाली बारीक अक्षरांत: मान्यताप्राप्त संशोधनानुसार.

“काटा वर गेला की मेमो,” तो म्हणाला. “दोन मेमो झाले. तिसऱ्याला घरी. सरळ गेलो तर मेमो, उलटा गेलो तर नोकरी. ऑफिसला म्हटलं, साहेब, एवढ्यात होत नाही. तर म्हणतात, मोठ्या प्रोफेसरनं काढलंय, तू काय त्यांच्यापेक्षा शहाणा? दुपारपाळीवालाही उलटाच घुसतो आता, आणि दुपारी शाळा सुटते. परवा एक सायकलवाली पोरगी त्याच्या समोर आली. ब्रेक लागला म्हणून वाचली.”

मी कागद धरून बसले होते.

“मुलीला दाखवलंत हे?”

“वेड लागलंय का मला? हा तिचाच जुना आकडा. माझ्यामुळे बाबा अडकले असं घेऊन बसेल डोक्यात. आधीच पोरगी नीट जेवत नाही.”

बाप मुलीपासून एक गोष्ट लपवत होता आणि मुलगी बापासाठी दुसरी. आणि ज्यानं दोघांना या खोड्यात घातलं, त्याच्या खांद्यावर शाल पडली होती. मी म्हणाले, “अहवालात मला हे सगळं लिहावं लागेल. तुमचं नाव गाळून लिहिता येणार नाही.”

मागच्या पोऱ्यानं डबा रिकामा केला, पत्र्यावर दोनदा थाप मारली, तरी गाडी हलली नाही.

“लिहू नका,” तो शेवटी म्हणाला. “मीच येऊन सांगतो. शुक्रवारी किती वाजता?”

६

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. साहेब, देवमाणूस, टॉपर, ती. दाराजवळच्या खुर्चीवर इस्त्रीच्या गणवेशात तिचे बाबा. त्यांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

“बाबा, तुम्ही इथं कशाला आलात? मॅडम, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” ती माझ्यावर कडाडली. “मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे!”

तिचा राग रास्त होता. उत्तर तिच्या बाबांनीच दिलं. उभं राहून, जसं पोलिसापुढे देतात तसं: “अकरा वर्षं मी त्या गल्लीतून उलटा गेलो. ही शेजारी बसली होती. गाडी गेली तसं हिनं लिहिलं. चूक माझी, आकडा हिचा.”

मग मी नकाशा पसरला. “साडेएकोणचाळीस हा आकडा नकाशातून येत नाही. तो फक्त प्रवेश बंदमधून येतो. साहेब म्हणतात, आम्ही अंतरं नकाशावरून घेतली. नकाशावरून सव्वाएकेचाळीस येतात, मी स्वतः मोजलेत. तेव्हा पेपरमधला तक्ता हिच्या तक्त्यावरून उतरवलाय. उलट नाही.”

“प्रयोगशाळेतून कुणीतरी घेतला असेल,” साहेब म्हणाले. “तिथं दहा जण बसतात. मला जो मिळाला तो मी...”

“प्रयोगशाळेत पंधरा फेब्रुवारीपासून दुरुस्त केलेला तक्ता आहे. जुना तिथं राहिलाच नाही. टॉपर जूनमध्ये आला. तुमचं तिथं खातं नाही. चुकीचा तक्ता ज्याच्या हाती पडला, त्याच्या हाती तो फेब्रुवारीच्या आधी पडला.” मी मुलीकडे वळले. “तेव्हा तो कुणाला दिला होतास?”

“गाईडसरांना. कागदावर. त्यांना कागदच लागतो.”

देवमाणसानं मान हलवली. दुखावल्यासारखा आवाज काढला. “मार्च, बाळ. तू विसरतेस. मी मार्चमध्ये पाहिला.”

मी पिशवीतून तिचा तपासून परत आलेला खर्डा काढला. काल तिच्या टेबलाखालच्या खोक्यातून दोन तास बसून आम्ही तो शोधला होता. काय शोधतोय ते मी तिला सांगितलं होतं. तिच्या बाबांबद्दल मात्र सांगितलं नव्हतं. देवमाणसाची तपासायची पद्धत फार नीटनेटकी. तपासलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते तारीख टाकतात. चौथा अध्याय, तक्ता, कोपऱ्यात लाल शाईत बावीस जानेवारी. सातव्या ओळीत साडेएकोणचाळीसभोवती लाल गोल आणि त्याच अक्षरात: ‘उत्तम!’

थर्मास टेबलावर होता, त्याला कुणी हात लावला नाही.

“मी फक्त वाचायला दिला होता साहेबांना,” देवमाणूस अखेर पुटपुटले. “ते निवड समितीवर होते. म्हणाले, काहीतरी भरीव दाखवा. मला वाटलं, तिचं नाव घालतील.”

“आणि छापून आल्यावर? तिच्यावर आळ आल्यावर? तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती का?” मी ओरडले. संचालकांच्या खोलीत मी कधीच ओरडले नव्हते. “बारा वर्षांच्या बढतीसाठी तुम्ही तिची साडेपाच वर्षं उचलून दिलीत, आणि वर मला सांगता, कठोर शिक्षा नको!”

साहेबांनी खुर्ची देवमाणसापासून जराशी दूर सरकवली, आणि ते पाहून मला दोघांची सारखीच किळस आली.

७

संचालकांचा आवाज पुन्हा मऊ झाला.

“ठीक आहे. मुलगी निर्दोष, असं आपण लिहू. पदवी पुढच्या महिन्यातच. गाईडसर रजेवर जातील. ड्रायव्हरसाहेब काय बोलले ते या खोलीबाहेर जाणार नाही.” त्यांनी तिच्याकडे पाहून स्मित केलं. “पेपर मात्र राहू दे. एक आकडा तर चुकलाय. संस्थेची अब्रू आहे, बाळा. तुझं सगळं मिळतंय तुला.”

क्षणभर मला वाटलं, ती हो म्हणेल. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता.

मी पिशवीतून शेवटचा कागद काढला, तो सुधारित वेळापत्रकाचा. तिच्या बाबांनी “बाई, नको” म्हणत हात पुढे केला, पण तिनं तो आधीच घेतला होता. तिनं तो दोनदा वाचला. मग बाबांकडे पाहिलं.

“जानेवारीपासून?”

“अगं, होतंय सगळं.”

“किती मेमो?”

“दोन.”

“आणि दुपारी? शाळा सुटते तेव्हाही असेच जातात?”

त्यांनी मान खाली घातली. तिनं कागद संचालकांसमोर ठेवला, बोटानं सरळ केला. तिचा आवाज अगदी खाली आला होता आणि ओरडण्यापेक्षा तो वाईट होता.

“डिग्री ठेवा तुमच्याकडे. पेपर मागे घ्या. आज.”

“भावनेच्या भरात...”

“साडेएकोणचाळीसमध्ये ती गाडी कुणालाही नेता येत नाही, सर. मी ते सिद्ध केलंय, पान एकशे बारा. माझी चूक मी एका दिवसात निस्तरली. यांनी ती चोरली, छापली, नगरपालिकेला विकली आणि शाल घेतली. आता रोज दोन ड्रायव्हर त्या चुकीवरून चालतात आणि समोरून शाळेची पोरं येतात. हा पेपर जोपर्यंत खरा आहे, तोपर्यंत माझे बाबा खोटे आहेत.”

“मी अहवालाच्या दोन प्रती काढल्यात,” मी म्हणाले. “एक तुमच्यासाठी. दुसरी घेऊन मी आत्ता नगरपालिकेत जातेय, पेपर मागे घेतल्याच्या पत्रासह किंवा त्याशिवाय. पत्राशिवाय गेले, तर त्या गल्लीत उद्या काही झालं, त्याची जबाबदारी कुणाच्या नावावर, तेही लिहून देईन. सह्या मी आता विचार करूनच करते.”

संचालकांनी माझ्याकडे आणि मग त्या कागदाकडे पाहिलं. मग आपला कोरा पॅड टेबलावरून साहेबांकडे सरकवला. मऊपणा संपला होता. “लिहा,” ते म्हणाले.

साहेबांनी टायपिस्टसाठी दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः पेन घेतलं, संपादकांचा पत्ता घातला, ‘आम्ही आमचा पेपर मागे घेत आहोत’ एवढं लिहिलं आणि अडले.

“कारण?” त्यांनी वर न बघता विचारलं. “कारण काय लिहायचं?”

ती त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली, शाळेत फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाजवळ राहते तशी, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

“लिहा. आम्ही त्या गाडीत कधीच बसलो नव्हतो.”